आधी बातमी, मग जेवण

किर्गिझ डोंगरांत पाहुणा आला की आधी त्याला जेवू घालतात. तो कोण, कुठला, कशाला आला, हे सगळे त्याचे पोट भरल्यावर. फक्त अयाज खिंडीखालच्या खोऱ्यात उलटे आहे. तिथे पाहुण्याला लगाम हातात धरून दाराबाहेर उभे राहावे लागते. बातमी सांगून झाली की मगच दारावरचा नमद्याचा, जाड लोकरीचा पडदा वर होतो. परके लोक याला उद्धटपणा समजतात. मग एखादा म्हातारा त्यांना बसवून घेतो आणि उलकानची हकिकत सांगतो.

फार पूर्वी एका हिवाळ्यात गवतावर बर्फाचा कडक थर बसला. जनावरांना तो खुरांनी फुटेना. कळपच्या कळप उभ्या जागी मेले, असे सांगतात. उलकान आणि तिचा नवरा सोरोनबाय यांच्या तंबूत एक दुभती शेळी तेवढी उरली. सून बाळंतपणात गेली होती आणि तिची तान्ही पोर त्याच शेळीच्या दुधावर जगत होती. मुलगा केनेश जव आणायला खिंडीपलीकडे गेला होता. तो अजून परतला नव्हता.

एके सकाळी खिंडीतून एक तरुण स्वार उतरला. त्याच्या हातात केनेशचा चाबूक होता. मुठीवरचे लाल कातडे उलकाननेच गुंडाळलेले.

तिचा जीव भांड्यात पडला. केनेशने खूण देऊन माणूस पुढे धाडला, मागून तो जव घेऊन येतोय, असेच तिने धरले. विचारायची तर रीत नव्हती. तिने नवऱ्याला बाजूला घेतले.

"शेळी कापा."

"आणि पोर?"

"केनेश येतोच आहे. त्याचा निरोप आणणाऱ्याला मी नुसता पाव वाढू?"

शेळी समोर आणली तसा पाहुणा अवघडला आणि आईला हाक मारावी तसे उलकानला म्हणाला, "अपा, पाव पुरे. खरंच पुरे."

सगळेच पाहुणे असे म्हणतात. "बाकीच्या शेळ्या शेजाऱ्यांकडे आहेत," उलकान धडधडीत खोटे बोलली.

जनावर कापण्याआधी पाहुण्याने दुवा द्यायची असते. त्याने तळवे उघडले, पण शब्द अडखळत आले. थंडीने असेल, असे तिला वाटले. रिकाम्या दस्तरखानापुढे, जेवणासाठी अंथरलेल्या कापडापुढे, मरणाची बातमी सांगू नये, हे त्याला घरच्यांनी शिकवले होते. बातमी पोटात ठेवून त्याने दुवा पुरी केली.

मांस शिजले. मानाचे मुंडके त्याच्यापुढे आले. तो एकच घास बोटांत फिरवत होता आणि उलकान आग्रह करत होती, "घ्या ना, लांबून आलात." एक कान तिचा बाहेर होता, घोड्याच्या टापांकडे.

हात धुऊन झाले. शेवटची दुवा झाली. मग त्याने चाबूक तिच्यासमोर ठेवला.

"अपा, हा मला खिंडीत मिळाला. त्याच्या बोटांतून सोडवून घ्यावा लागला."

उलकान रडली नाही म्हणे. तिने उरलेले मांस फडक्यात बांधून पाहुण्याच्या हातात दिले, कारण तीही रीतच होती. पाहुण्याला ते नाकारता आले नाही. तो गेल्यावर ती पोरीला रश्शाचे थेंब पाजत बसली. पोर ते ओकून टाकी. बर्फ वितळायच्या आत तीही गेली.

त्यानंतर खिंडीतून कोणीही आले की उलकान दारात आडवी उभी राहायची. "आधी बातमी सांगा. मग आत या." लोकांनी नावे ठेवली. सोरोनबायला चारचौघांत बसायची लाज वाटू लागली. पण त्या हिवाळ्याने प्रत्येक घरातले कोणी ना कोणी नेलेच होते. हळूहळू सगळीच दारे तिच्या दारासारखी झाली.

या रिवाजाने कोणाचे मरण टळले, असे मात्र तिथले म्हातारेही म्हणत नाहीत. आजही त्या खोऱ्यात वाईट बातमी आणणाऱ्याला चहा आणि पाव मिळतो, जनावर कापत नाहीत. म्हणून खिंडीतून आलेला माणूस नुसता चहा घेऊन निघालेला दिसला की शेजारी हातातली कामे टाकतात आणि काही न विचारता त्या घराकडे चालू लागतात.