रेघांचा रंग

एकदा एक शिष्य वडिलांच्या मचव्याची, म्हणजे लाकडी होडीची, वीतभर प्रतिकृती आणि मूठभर मार्कर पेने घेऊन आपल्या गुरूंकडे आला. गुरू म्हणजे जहाजांच्या छोट्या प्रतिकृती घडवण्यात मुरलेले वृद्ध कारागीर. शिष्यही काही कोवळा पोर नव्हता. कानशिलांवर केस पिकले होते. वडील गेले, मचवा मोडीत निघाला, आणि तेव्हापासून आईने खाडीकडे फिरकणेच सोडले होते. तिने हा मचवा ओळखावा, एवढ्यासाठी त्याने वर्षभर डोळे फोडून काम केले होते. आता फक्त फळ्यांच्या सांध्यांच्या रेघा ओढायच्या उरल्या होत्या. शाई पक्की होती. हात चुकला की सगळे कष्ट पाण्यात.

"गुरुजी, यातले कोणते पेन घेऊ?" त्याने विचारले. खरे तर सर्वांत बारीक टोकाचे, कुळकुळीत काळे पेन त्याने आधीच उघडून धरले होते. सल्ला विचारायला येणारे बरेचदा असेच येतात.

गुरूंनी ते पेन काढून घेतले, टोपण लावले आणि स्वतःच्या खिशात टाकले. मग त्याला खाडीवर नेले. हे काय चालले आहे, ते शिष्याला उमगेना.

पलीकडच्या काठाला एक मचवा लागला होता. गुरूंनी विचारले, "त्याच्या फळ्यांमधल्या रेघा कोणत्या रंगाच्या?"

"काळ्या."

"दिसतात, की ठाऊक आहे म्हणून सांगतोस?"

शिष्याने पुन्हा पाहिले. बराच वेळ पाहिले. "राखाडी आहेत," तो म्हणाला. "आणि मागच्या टोकाकडे तर दिसतच नाहीत."

"वस्तू लहान केली की पाहणारा दूर जातो," गुरू म्हणाले. "तू मचव्यात बसून वाढलास, म्हणून तुझ्या लेखी सांधे काळे. पण वीतभर मचवा म्हणजे काठावरून दिसणारा मचवा. तुझी आई कुठे उभी राहून वाट पाहायची?"

शिष्याने पायाखालच्या काठाकडे पाहिले. घरी येऊन त्याने फिकट राखाडी पेन निवडले, त्याची शाई खालचा रंग खात नाही ना हे एका टाकाऊ फळीवर तपासले, आणि रेघा ओढल्या. मागच्या टोकाकडे त्या सोडूनच दिल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने मचवा आईसमोर ठेवला. ती थोडी मागे सरली. घरात ऊन नव्हते, तरी तिने डोळ्यांवर हात आडवा धरला आणि पाहत राहिली.