दोरीचं यंत्र आणि बटणाचं यंत्र

एकदा एक पन्नाशीला आलेला शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींकडे घरातला एक वाद घेऊन गेला. वाद जमिनीचा नव्हता, वाटणीचाही नव्हता. घरापुढची हिरवळ कापायला पेट्रोलवर चालणारं यंत्र घ्यावं की बॅटरीवर चालणारं, एवढाच तो वाद होता. पण तेवढ्यापायी बापलेक एका छताखाली राहून दोन गावांत राहिल्यासारखे वागत होते.

शिष्याचं नाव जयवंत सुर्वे. देवळालीच्या बाजूला ऐसपैस आवारं असलेल्या जुन्या बंगल्यांची एक वसाहत आहे. तिथे त्याच्या वडिलांनी, शंकररावांनी, ऐन उमेदीत घर बांधलं. घरात त्यांना अण्णा म्हणत. कुंपण घालण्याआधी अण्णांनी पुढच्या मोकळ्या जागेत हरळी लावली. ओल्या पोत्यातून ठोंब आणायचे आणि अण्णा व आई दोघांनी गुडघ्यांवर बसून ते मातीत दाबायचे, असं करत करत ती हिरवळ उभी राहिली. पुढे कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबच्या सामानातून अण्णांनी गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र आणलं, आणि त्या घराच्या रविवारांना स्वतःचा एक आवाज मिळाला.

ज्यांनी तसे रविवार पाहिले आहेत, त्यांना त्यांचं वर्णन सांगायला नको. सकाळचं कोवळं ऊन. अण्णा अर्धी चड्डी घालून यंत्रापाशी वाकलेले. दोरीला पहिला हिसका, दुसरा हिसका, मग यंत्राचा खोकला, निळसर धूर, आणि पाठोपाठ कापल्या गवताचा आणि पेट्रोलचा एकमेकांत मिसळलेला वास. तो वास आला की शेजारचे कुंपणाशी येऊन उभे राहत. आई ताकाचे पेले घेऊन पायरीवर येई आणि यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून म्हणे, "अहो, पुरे आता! गवत आहे ते, शत्रू नव्हे!" अण्णा हसत, पण थांबत नसत.

काळ कोणासाठी थांबतो? आई गेली. दोन वर्षांनी अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात दुबळा झाला. ते रुग्णालयात असताना जयवंतने घर आवरायला काढलं. वडील परत येतील तेव्हा त्यांना चालायला मोकळी जागा हवी, हा त्याचा हेतू शुद्ध होता. त्या आवराआवरीत गॅरेजच्या कोपऱ्यातलं ते गंजलेलं यंत्र भंगारवाल्याच्या गाडीवर गेलं. अण्णा घरी आले. काठी टेकत गॅरेजपर्यंत गेले, रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून परत फिरले. त्याविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही. हळूहळू इतर गोष्टींविषयीही काढेनासे झाले.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. हिरवळीचं रान माजलं. नवं यंत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा कित्येक दिवसांनी अण्णा आपणहून बोलले.

"पेट्रोलचंच आण."

"अण्णा, आता बॅटरीची उत्तम मिळतात. आवाज नाही, धूर नाही. बटण दाबलं की सुरू."

"बटण दाबून दिवा लागतो. गवत नाही कापलं जात."

"पण पेट्रोलच्या यंत्राची निगा कोण राखणार? ऑइल बदला, प्लग साफ करा. पावसाळाभर पडून राहिलं की कार्बोरेटर चोंदणार. मला एक रविवार मिळतो, अण्णा!"

"मलाही एकच मिळत होता," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

हा सगळा वृत्तांत जयवंतने गुरुजींना सांगितला. सोहोनी गुरुजींनी त्याला शाळेत शिकवलं होतं. आता त्यांना ऐकू थोडं कमी येई, पण समजे जास्त, असं गावात म्हणत. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"हिरवळ केवढी आहे रे?"

"फार नाही. बॅडमिंटनची दोन मैदानं मावतील एवढी."

"आणि कापणार कोण?"

"मीच. दुसरं कोण?"

"शंकरराव?"

"त्यांना आता कसं जमेल, गुरुजी?"

गुरुजींनी एवढंच म्हटलं, "पारखशेठना सांग, रविवारी दोन्ही यंत्रं घेऊन या म्हणावं. दुकानात वस्तूचे गुण कळतात, गरज घरी कळते. मीही येतो."

पारखशेठ यंत्रांचे व्यापारी. माणूस सचोटीचा, जिभेचा गोड. रविवारी सकाळी त्यांनी टेम्पोतून दोन्ही यंत्रं उतरवली आणि दोन्हींची सारखीच स्तुती केली. पेट्रोलचं दमदार, उंच गवताला न घाबरणारं, टाकी भरत राहिलात तर दिवसभर चालणारं. बॅटरीचं हलकं, शांत, मात्र एका चार्जिंगमध्ये तासाभराच्या आतलंच काम करणारं. आणि काही वर्षांनी बॅटरी नवी घालावी लागेल, हेही त्यांनी लपवलं नाही. अण्णा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांची नजर पेट्रोलच्या यंत्रावरून हलत नव्हती.

जयवंत बॅटरीच्या यंत्राकडे वळला. तोच गुरुजींनी काठी आडवी धरली.

"ते नव्हे. तू पेट्रोलचं चालव. शंकरराव, उठा. बॅटरीचं तुमच्याकडे."

सगळे बघतच राहिले. ज्याला जे नको, तेच त्याच्या हाती! पारखशेठ हळूच म्हणाले, "गुरुजी, उलटं झालं वाटतं."

"उलटंच करायचंय," गुरुजी म्हणाले.

अण्णांचा चेहरा कठोर झाला. "गुरुजी, थट्टा करता काय म्हाताऱ्याची? हा हात चहाचा कप धरत नाही धड. आणि मला हे खेळणं चालवायला सांगता?"

"मी तुमच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेत, शंकरराव. एवढं माझं ऐका. अर्धी हिरवळ तुमची, अर्धी त्याची."

वडीलधाऱ्याचा शब्द मोडायचा नाही, ही त्या पिढीची रीत. अण्णा उठले.

इकडे जयवंतने दोरी ओढली. यंत्र ढिम्म. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. कपाळावर घाम आला, तळहात लाल झाला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो चिडून यंत्राला लाथ घालणार, इतक्यात हिरवळीच्या पलीकडून आवाज आला,

"अरे, आधी चोक दे! आणि दोरी अशी ओरबाडू नकोस. सावकाश ओढ, ताठ लागेपर्यंत. लागली? आता एकाच झटक्यात!"

कित्येक महिन्यांत अण्णा एवढं सलग बोलले नव्हते. जयवंतने सांगितल्याप्रमाणे केलं. यंत्र खोकलं, गुरगुरलं आणि सुरू झालं.

आणि तो वास आला.

जयवंतने दोन पट्टे कापले, तिसऱ्याच्या मध्यावर त्याचे पाय मंदावले. निळसर धूर, ओलं गवत, हातांत चढणारी ती थरथर. त्याला वाटलं, मागून आत्ता हाक येईल, अहो, पुरे आता! हाक येणार नव्हती, हे माहीत असूनही त्याने मान वळवून पायरीकडे पाहिलं. पायरी रिकामी होती. त्याने यंत्र बंद केलं आणि तो तसाच उभा राहिला. अण्णा इतके दिवस हट्टाने काय मागत होते, ते त्याला कोणी न सांगता कळलं. आणि आपण भंगाराच्या गाडीवर काय चढवलं, तेही.

तिकडे अण्णांनी डाव्या अंगठ्याने बटण दाबलं होतं आणि दांड्याची पट्टी मुठीत धरली होती. पट्टी सोडली की पातं थांबतं, हे पारखशेठनी त्यांना दोनदा दाखवलं होतं. यंत्र मंद घुमत पुढे निघालं. उजवा हात दांड्यावर नुसता टेकलेला, जोर सगळा डाव्याचा. पहिला पट्टा वाकडा गेला. अण्णांनी जीभ चावली. दुसरा जरा सरळ आला, तिसरा त्याहून सरळ. काठी व्हरांड्यात राहिली आहे, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. कुंपणापाशी आईने लावलेलं अनंताचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी यंत्र हलकेच फिरवून त्यांनी गोल राखला, पूर्वी राखत तसा. शेजारच्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "अण्णा, खूप दिवसांनी!" यंत्र न थांबवता अण्णांना ते ऐकू आलं, आणि त्यांनी मान हलवून दाद दिली.

आपला वाटा संपवून अण्णा दमून उभे राहिले. चेहऱ्यावर ऊन होतं आणि आणखी काहीतरी होतं. मग ते संथपणे चालत जयवंतच्या यंत्रापाशी गेले. वाकले. दोरीची मूठ उजव्या हातात धरायचा प्रयत्न केला, बोटं मिटेनात. डाव्या हाताने धरली आणि ओढली. दोरी वीतभर आली आणि परत गेली. पुन्हा ओढली. जयवंत मदतीला धावणार, तोच गुरुजींनी त्याच्या दंडावर हात ठेवून त्याला थांबवलं. अण्णांनी आणखी एकवार ओढली. मग मूठ सोडून दिली आणि यंत्राच्या तापलेल्या टपावरून तळवा फिरवला, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"हे आता माझ्या हाताचं नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

जयवंत जवळ गेला. "अण्णा, ते जुनं यंत्र मी तुम्हाला विचारल्याशिवाय द्यायला नको होतं."

अण्णांनी टपावरचा हात उचलला. "गंजलंच होतं ते. मीही दिलंच असतं एक दिवस. पण अरे, तुझी आई गेली तेव्हा मी शेजारी होतो. तिचा हात हातात होता. यंत्राचा मात्र निरोपसुद्धा घेता आला नाही. यंत्रासाठी एवढं वाटावं याची लाज वाटायची, म्हणून बोललो नाही."

दोघेही कापलेल्या आणि न कापलेल्या गवताच्या सीमेवर उभे होते. पारखशेठ उगीचच टेम्पोचं फाळकं तपासू लागले.

थोड्या वेळाने सगळे पायरीवर टेकले तेव्हा गुरुजी बोलले. "जयवंता, तू मला विचारलंस, दोन यंत्रांत चांगलं कोणतं. दोन्ही चांगली आहेत. तुझी एकरभर बाग असती, नाहीतर गवत कमरेएवढं वाढत असतं, तर मी डोळे मिटून पेट्रोलचं घे म्हटलं असतं. पण तुमचा वाद यंत्रांचा नव्हताच. शंकरराव गेलेले रविवार मागत होते आणि तू येणारे रविवार वाचवत होतास. दोघांचंही खरं. मात्र तुला त्यांचं मागणं म्हणजे हट्ट वाटला आणि त्यांना तुझं मागणं म्हणजे आळस. म्हणून मी हात बदलले. दुसऱ्याची इच्छा कानांनी ऐकून कळत नाही रे, तिचं ओझं थोडा वेळ आपल्या हातांत घ्यावं लागतं."

मग ते अण्णांकडे वळले. "आणि शंकरराव, गेलेला काळ कुठल्याच दुकानात मिळत नाही. पारखशेठकडेही नाही. पण त्या काळात तुमच्या हातांना जे काम होतं, ते आजही मिळू शकतं. अवजार तेवढं बदलावं लागतं."

बऱ्याच वेळाने अण्णांनी पारखशेठना विचारलं, "याची बॅटरी चार्ज व्हायला किती वेळ लागतो हो?"

बॅटरीचं यंत्र त्या घरात राहिलं. पेट्रोलचं टेम्पोत चढवताना अण्णा स्वतः फाटकापर्यंत गेले आणि टेम्पो वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. या खेपेला निरोप घ्यायला त्यांना कोणी घाई केली नाही.

त्यानंतरच्या रविवारी जयवंत जरा उशिरा उठला. खिडकीतून मंद घुमणारा आवाज येत होता. तो बाहेर आला तर अण्णा निम्मी हिरवळ कापून मोकळे झाले होते. "उरलेली तुझी," असं म्हणून ते पायरीवर बसले. जयवंत कापू लागला. यंत्राचा आवाज एवढा कमी होता, की अण्णांना नेहमीच्या आवाजात बोलता येत होतं. ठोंब कुठून आणले, पहिल्या उन्हाळ्यात हरळी कशी जळून गेली आणि आईने पाण्याचे घडे वाहून ती कशी जगवली, हे सगळं ते सांगत गेले. पूर्वीच्या रविवारांत यातलं काही बोलणं झालंच नव्हतं. त्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार? जयवंतला हे सगळं प्रथमच कळत होतं. बॅटरी संपली तेव्हा एक पट्टा राहिला होता. तो तसाच ठेवून जयवंत वडिलांच्या शेजारी येऊन बसला, आणि म्हणाला, "हं, मग पुढे?"

घरात एखाद्या वस्तूवरून वाद पेटला, तर दुकान गाठण्याआधी दुसऱ्याचं मागणं घटकाभर आपण चालवून पाहावं.