म्हाळसेचं कोरं नख

फार फार मागची गोष्ट. वेळूखोऱ्यात कासारांचं एकच घर होतं आणि त्या घरात दोन जावा होत्या. थोरली सगुणा, धाकटी म्हाळसा. काकणं भरण्यात सगुणेचा हात धरणारं कोणी नव्हतं. तरी बायका ओसरीवर चढायच्या आणि नेमक्या धाकटीपुढे जाऊन बसायच्या.

कारण म्हाळसा काकणं भरण्याआधी नखं बघायची. नख उन्हाकडे धरलं, की तिला आतलं रक्त वाहताना दिसायचं, असं म्हणतात. नखं निळसर दिसली तर ती सांगायची, काळीज थकलंय, ओझं उचलू नकोस. बोटांची टोकं फुगलेली असली तर छातीच्या औषधाला वैद्याकडे धाडायची.

सगुणेचा जळफळाट व्हायचा. शेवटी तिनं पाणवठ्यावर हळूच पुडी सोडून दिली, की धाकटी रोग ओळखत नाही, नजरेनं लावते. बायका यायच्या थांबल्या. ओसरी ओस पडली आणि सगुणेला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

पण चार पावलं चाललं, की तिला धाप लागायची. चुलीची भाजकी माती खावीशी वाटायची. आपली नखं पांढरी पडलीत, हे तिलाही दिसत होतं. पण धाकटीपुढे हात पसरायचा? त्यापेक्षा मेलेलं बरं. तिनं सगळ्या नखांवर दाट मेंदी थापली.

एके दिवशी ती ओसरीवरच कोसळली. म्हाळसेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, हात हातात घेतला. सगुणा तो ओढून घेऊ लागली, पण अंगात बळच नव्हतं.

"जाऊबाई, सगळ्या गावानं हात दाखवले. मी तुमच्या हाताची वाट बघत होते."

"नजरेचं ते मीच उठवलं," सगुणा पुटपुटली.

"ठाऊक आहे. माती कधीपासून खाताय?"

म्हाळसेनं पदरानं तिची करंगळी पुसली आणि महिनाभर न उतरणारा रंग एका पुसण्यात उतरला, असं म्हणतात. खाली नख पांढरंफटक, पाण्याचा थेंब ठरेल इतकं खोलगट. मग म्हाळसेनं तिची माती सोडवली, लोखंडी कढईतली पालेभाजी आणि अळिवाची खीर हातानं भरवली. हळूहळू नखाच्या मुळाशी गुलाबी कोर उगवली.

बरी झाल्यावर सगुणेनं पाणवठ्यावर जाऊन खरं काय ते सांगितलं. ओसरी पुन्हा भरली. मत्सर मात्र साफ गेला नाही म्हणतात. नखासारखा वाढायचा आणि सगुणा तो कापून टाकायची.

वेळूखोऱ्यात आजही मेंदी काढताना करंगळीचं नख कोरं ठेवतात. त्याला म्हाळसेचं नख म्हणतात. मेंदी वाळली, की ते आधी जावेला दाखवायचं. बोलणं बंद असलं, तरीही.