राणीचा लेप आणि लेकीचा कवडसा

खूप खूप जुन्या काळची गोष्ट. एक राज्य होते. ते एवढेसे होते, की राजा महालात शिंकला तर सीमेवरचा पहारेकरी 'शतंजीव' म्हणायचा. राज्य लहान, पण नांदते. राजा साधा, प्रजा समाधानी आणि राणी देखणी. तिच्या रूपाचा बोलबाला मात्र सीमा ओलांडून शेजारच्या राज्यांत गेला होता, आणि राणीला ते चांगले ठाऊक होते.

राजाराणीला एकुलती एक मुलगी. गोड, चपळ, गालावर खळी. पण ती जन्मापासून बहिरी होती. सनई वाजो की वीज कडाडो, तिच्या कानांपर्यंत काही पोहोचत नसे. लोक हळहळायचे. राणी मात्र हळहळत बसली नाही. तिने आपल्या चेहऱ्यालाच लेकीशी बोलायला शिकवले.

भुवया उंचावल्या, की 'हे काय आणलंस?' ओठ मुडपले, की 'पुरे आता.' नाक मुरडले, की 'चल, आंघोळ राहिलीय.' आणि डोळ्यांच्या कडा चुरगळून राणी हसली, की 'माझी गुणाची बाय ती.' मुलगी कुठेही निघाली तरी चार पावलांवर थांबायची आणि मागे वळून आईच्या तोंडाकडे बघायची. तिथे 'जा' दिसले तर जायची, 'नको' दिसले तर थांबायची.

दोघींचा एक आवडता खेळ होता. राणी हातातला आरसा उन्हात धरायची आणि अंगणात कवडसा पाडायची. कवडसा पळायचा, त्याच्यामागे मुलगी पळायची. शेवटी कवडसा आईच्या पायाशी येऊन थांबला, की मुलगी थेट आईच्या कुशीत.

एकदा असाच खेळ संपला आणि राणीने सहज आरसा स्वतःकडे वळवला. डोळ्यांच्या कडांना बारीक रेघा दिसल्या. कपाळावर एक आठी होती, आणि ती न घालताही तशीच राहिली होती. संक्रांतीला शेजारच्या राण्या हळदीकुंकवाला यायच्या होत्या. त्या वाण घेतील, तिळगूळ घेतील आणि जाताना या रेघा मोजून जातील, असे तिला वाटले.

तिने दाईला बोलावले. राजकन्येला पहिली आंघोळ घातली होती ती हीच म्हातारी. तिच्या तोंडावर सुरकुत्यांचे जाळे होते, पण कातडी कशी मऊसूत होती.

"आजी, यावर काही उपाय?"

"आहे की. निजताना तिळाच्या तेलाचं बोट फिरवावं. उन्हात निघताना डोक्यावरून पदर घ्यावा. पाणी पीत जावं, वेळेवर निजावं. कातडी निरोगी राहील, रेघा सावकाश येतील."

"सावकाश? मला त्या यायलाच नकोत."

"मग राणीसरकार, म्हातारंच न होणं एवढाच उपाय उरतो," दाई म्हणाली, "आणि तो मी वैऱ्यालाही सांगत नाही."

राणीला ही थट्टा रुचली नाही. फुकटचा सल्ला माणसाला तसाही कमीच रुचतो.

थोड्याच दिवसांत महालाच्या दाराशी एक फिरता लेपवाला आला. त्याचा स्वतःचा चेहरा अगदी गुळगुळीत होता. त्याला नुकतेच मिसरूड फुटत होते, हे काही राणीने ध्यानात घेतले नाही.

"ही डोंगरातली पांढरी माती, राणीसरकार," तो म्हणाला. "सकाळी लावायची, दिवस मावळेपर्यंत ठेवायची. पण पथ्य कडक आहे. हसायचं नाही, रडायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. लेपाला तडा गेला, की त्या तड्याखाली सुरकुती आलीच म्हणून समजा."

राणीने दुसऱ्या दिवसापासून लेप लावला. भिंतीला चुना द्यावा तसा चेहरा पांढरा झाला आणि भिंतीसारखाच गप्प झाला. जेवताना राजा विनोद करी, तर राणी ढिम्म. राजाला वाटले, आपले विनोद शिळे झाले. ते शिळे होतेच म्हणा, पण राणी इतकी वर्षे त्यांना हसत आली होती.

आणि मुलगी? ती पहिल्या दिवशी ओंजळीत एक भुंगा घेऊन धावत आली, आईसमोर उभी राहिली आणि भुवया उंचावण्याची वाट बघू लागली. भुवया जागच्या हलल्या नाहीत. आई रागावली असेल, असे तिला वाटले. तिने भुंगा सोडून दिला. मग तिने झेंडूची फुले आणली. कोलांटी मारून दाखवली. नाक मुरडून आईचीच नक्कल केली. पांढऱ्या लेपावर काहीच उमटले नाही.

लेपाआड राणीला हसू येत होते, कधी रडूही येत होते. 'एवढी संक्रांत होऊ दे,' ती मनाला समजवायची, 'मग पोरीशी हवं तेवढं हसेन.' दिवस मावळल्यावर ती लेप धुवायची, पण तोवर चेहऱ्याला ताठ राहायची सवय झालेली असे, आणि मुलगी झोपलेली असे.

हळूहळू मुलगी मागे वळून बघेनाशी झाली. जिथे काही लिहिलेलेच नाही, तिथे वाचायचे तरी काय?

दाईच्या नजरेतून ते सुटले नाही. "राणीसरकार, लेकरू तुमच्या तोंडाकडं बघायचं विसरलं."

"संक्रांत झाली की होईल सगळं नीट," राणी दातांतल्या दातांत म्हणाली, ओठ न हलवता.

"संक्रांत दरसाल येते, बाई," दाई म्हणाली आणि कामाला लागली.

भोगीच्या सकाळी राणी बागेत कोवळ्या उन्हात बसली होती. तोंडावर लेप, हातात आरसा. मुलगी एका खारीच्या मागे लागली होती. बागेच्या टोकाला एक जुनी, वापरात नसलेली विहीर होती. तिच्यावर फळ्या टाकून ठेवल्या होत्या, आणि त्या फळ्यांनी बरेच पावसाळे खाल्ले होते. खार फळ्यांवरून तुरुतुरु गेली. मुलगीही तिच्यामागे फळ्यांवर चढली आणि मधोमध जाऊन उभी राहिली.

राणीने आरशावरून नजर वर केली आणि तिला ते दिसले.

ती जिवाच्या आकांताने ओरडली. झाडावरचे पोपट भर्रकन उडाले, पलीकडचा माळी धावत निघाला, पण जिच्यासाठी ओरडायचे तिला काहीच कळले नाही. माळ्याला राणीने हातानेच थांबवले, कारण त्या फळ्यांवर आणखी एका माणसाचा भार पडला असता तर सगळेच खाली गेले असते. मुलगी पाठमोरी होती. पूर्वी ती विहिरीच्या अलीकडेच थांबून मागे वळली असती आणि आईच्या तोंडावरचे 'नको' वाचून परतली असती. ती सवय आपणच मोडली, हे राणीला त्या क्षणी लख्ख कळले.

फळी कुरकुरली. मुलीला ते ऐकू आले नाही. राणीला आले.

आणि मग राणीला हातातला आरसा आठवला. कितीतरी दिवस तो तिच्याच तोंडाकडे वळलेला होता. तिने तो उन्हाकडे वळवला. दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरले. मुलीच्या पावलांजवळ एक कवडसा पडला.

मुलीने खाली बघितले. खार विसरली. ती वळली आणि कवडशावर पाय ठेवायला गेली. राणीने कवडसा हळूच मागे ओढला, जरासाच. मुलगी एक पाऊल पुढे आली. पुन्हा जरासा, पुन्हा एक पाऊल. फळीमागून फळी करत राणीने लेकीला त्या विहिरीवरून आणले, आणि मुलीचा पाय मातीला लागतो न लागतो तोच मागची फळी मोडून खाली गेली. पाण्यात पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

कवडसा गवतावरून पळत आला आणि राणीच्या पायाशी थांबला. त्याच्यामागून मुलगी आली आणि कुशीत शिरली. मग तिने वर पाहिले.

लेपाला उभेआडवे तडे गेले होते, आणि तड्यांतून आसवे वाहत होती. मुलीने बोटाने मातीचा एक कपचा काढला, मग दुसरा. खालून आईचा चेहरा निघाला. तो रडत होता, भ्यालेला होता, रागावलेलाही होता. मग डोळ्यांच्या कडा चुरगळल्या आणि तो हसला. मुलीने त्या रेघांवरून बोट फिरवले आणि तीही खळखळून हसली.

राणीने विहिरीकडे तोंड करून हात जोडले. उन्हाला जोडले, आरशाला जोडले. दाई धावत आली तेव्हा तिलाही जोडले. "आजी, पोर मला परत मिळाली. मला आता दुसरं काही नको."

दाईने कोमट पाण्याने तिचे तोंड धुतले. कातडी कोरडी पडून तडतडली होती, आणि कधी नव्हत्या तिथेही बारीक रेघा उमटल्या होत्या.

"चिखल वाळला की तळ्यालाही भेगा पडतात," दाई म्हणाली आणि गालांना साय चोळू लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या राण्या आल्या. त्यांनी रेघा मोजल्या की नाही, कोण जाणे. राणी लेकीशी बोलण्यात इतकी गुंतली होती, की तिने बघितलेच नाही. राजाने एक विनोद केला आणि राणी तिळगुळाचा ठसका लागेपर्यंत हसली. विहिरीला दगडी कठडा बांधला गेला. उरलेली पांढरी माती राणीने गवंड्याला दिली, दगडांमधल्या फटी लिंपायला. त्या कठड्याला अजून तडा गेलेला नाही. तो कधी हसत नाही ना!

पुढे राणी म्हातारी झाली. निजताना तिळाचे तेल, उन्हात डोक्यावर पदर, वेळेवर झोप, असे दाईचे सांगणे तिने जन्मभर पाळले, आणि तिची कातडी शेवटपर्यंत मऊ आणि निरोगी राहिली. एकदा शेजारची तरुण राणी तिच्याकडे आली. तिने सगळे उपाय विचारून घेतले आणि मग जरा संकोचत म्हणाली, "पण डोळ्यांजवळच्या या सुरकुत्या? त्या तर राहिल्याच."

म्हातारीने समोर बसलेल्या लेकीकडे पाहिले. लेकीने भुवया उंचावल्या. म्हातारी हसली आणि त्या सुरकुत्या आणखी खोल झाल्या.

"त्या राहिल्या नाहीत, मुली, त्या मी ठेवल्यात," ती म्हणाली. "माझी लेक त्या वाचते. आणि मी रोज आरशात त्यांना बघते आणि देवाचे आभार मानते."

म्हणून सांगतो बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो: कातडीची निगा जरूर राखावी, पण चेहरा आपल्या माणसांसाठी मोकळा ठेवावा.