कोंडिबा मधल्या सुट्टीत शांत राहतो

माळावरच्या एका गावात एक भोळा गडी होता. नाव कोंडिबा. त्याला कोणी "जरा दिव्याकडे बघ" म्हटलं, की तो दिव्याकडे बघत बसायचा. दिवा विझला तरी बघत बसायचा. कारण "पुरे" असं कोणी म्हटलेलं नसायचं.

पण वजनमापात कोंडिबा पक्का. कागदावर जेवढं विचारलंय, तेवढंच तो लिहायचा, आणि ते बरोबर असायचं. म्हणून तालुक्याच्या बाजारात मापाड्याची जागा निघाली, तेव्हा त्याच्या बापानं, तात्यानं, त्याला परीक्षेला बसवलं. शेजारच्या गावचे आप्पा देवकाते सांगून बसले होते, "पोरगा मापाडी झाला, तर आमची सुलोचना तुमची. नाही झाला, तर राम राम."

सुलोचना कोंडिबाच्या मनात भरली होती. तिला बघायला गेला, तेव्हा ती म्हणाली होती, "चहा घ्या." त्यानं तो घेतला आणि कपबशीसकट घरी आणला. ती दारात उभी राहून पोट धरून हसली होती. तेव्हापासून कोंडिबाला रात्री झोप नव्हती.

परीक्षा तालुक्याच्या शाळेत होती. दिवसभरात तीन पेपर, मधे सुट्ट्या, आणि संध्याकाळी लगेच निकाल. निकालाच्या वेळी तात्या आप्पांना घेऊन येणार होता. कोंडिबाच्या सोबतीला आली हौसाआत्या, तात्याची थोरली बहीण. भाकरीचं गाठोडं घेऊन ती फाटकाबाहेर चिंचेखाली बसली.

"कोंडिबा," आत्या म्हणाली, "मला पेपराची काळजी नाही, सुट्टीची आहे. सुट्टीत बाकीची पोरं भंडावून सोडतात. तू आपलं डोकं थंड ठेव."

"ठेवतो, आत्ते."

पहिला पेपर झाला. फक्कड गेला. घंटा वाजली. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचा मोठा रांजण होता. कोंडिबानं झाकण काढलं आणि डोकं आत घातलं. दम संपला की वर यायचा, दम घ्यायचा, पुन्हा आत. मागं तहानलेल्या पोरांची रांग लागली.

"अरे, करतोस काय?"

"डोकं थंड ठेवतोय."

"मग आम्ही प्यायचं काय?"

कोंडिबानं टाळूवर हात ठेवून बघितलं. "जरा थांबा. मधे अजून कोमट आहे."

पोरांनी त्याला ओढून काढला आणि फाटकापर्यंत पिटाळला. आत्यानं पदरानं त्याचं डोकं पुसलं.

"अरे, असं करतात होय? हात जोडून बाजूला उभं राहायचं. 'आधी तुम्ही' म्हणायचं. सगळ्यांचं झालं की मग आपण. मग कोण कशाला ओरडेल?"

"असं होय! आता तसंच करतो."

दुसऱ्या पेपराची घंटा झाली. कोंडिबा वर्गाच्या दारात हात जोडून उभा राहिला. जो येईल त्याला म्हणाला, "आधी तुम्ही." पोरं खूश होऊन आत गेली. एक कुत्रं आलं. "आधी तुम्ही," कोंडिबा म्हणाला. कुत्रंही आत गेलं. शेवटी पेपरावर देखरेख करणाऱ्या बाई आल्या.

"आत चला."

"आधी तुम्ही."

"अहो, मला दार लावायचंय!"

"मग तर आधी तुम्हीच."

बाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावलं. कोंडिबा बाहेर. हात जोडलेले. बऱ्याच वेळानं कुत्र्याला हाकलायला बाईंनी दार उघडलं. कुत्रं उंबऱ्यात थबकलं. "आधी तुम्ही," कोंडिबा म्हणाला. कुत्रं बाहेर आलं, मग कोंडिबा आत गेला. राहिलेल्या वेळात त्यानं अख्खा पेपर सोडवला. घाम निथळत होता, पण सोडवला.

जेवणाच्या सुट्टीत आत्यानं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, दार उघडं दिसलं की कोणाकडं न बघता थेट आत शिरायचं! रिकामी खुर्ची दिसली की बसायचं! आणि समोर जे ठेवलंय, ते संपवूनच उठायचं!"

"असं होय! आता तसंच करतो."

हात धुवायला म्हणून तो नळाकडं निघाला. वाटेत शिक्षकांच्या खोलीचं दार उघडं होतं. कोंडिबा थेट आत शिरला. एक खुर्ची रिकामी होती, त्यावर बसला. समोर हेडमास्तरांचा डबा उघडा ठेवलेला होता. भरलं वांगं, चार पोळ्या, वर मिरचीचा ठेचा. हेडमास्तर हात धुवून आले, तेव्हा शेवटची पोळी चालली होती.

"अरे, कोण तू? ऊठ!"

"ठेचा राहिलाय," कोंडिबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ठेचा संपवला आणि मगच तो उठला.

या वेळी त्याला शिपायानं कॉलर धरून आत्यापर्यंत पोचवलं.

"अरे बाबा," आत्या म्हणाली, "लोकांचं चाललेलं असलं की मधे हात घालू नये. लांब उभं राहायचं. तोंडभर हसायचं. म्हणायचं, 'सावकाश होऊ द्या. लाजू नका. मनसोक्त होऊ द्या.' ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं."

"असं होय! आता तसंच करतो."

तिसरा पेपर झाला. निकालाला अवकाश होता. पटांगणात पोरं उत्तरं जुळवत बसली. एक पैलवान गडी म्हणाला, "नवव्याचं उत्तर चौदा किलो." त्याच्यासमोरचा काटकुळा म्हणाला, "सोळा." "चौदा!" "सोळा!" पैलवानानं काटकुळ्याची मान धरली. काटकुळ्यानं पैलवानाच्या दंडाला चावा घेतला. सगळे ओरडायला लागले.

कोंडिबा लांब उभा राहिला आणि तोंडभर हसला. "सावकाश होऊ द्या," तो म्हणाला. "लाजू नका. मनसोक्त होऊ द्या!"

दोघं थांबले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, मग कोंडिबाकडं. नंतर दोघांनी मिळून कोंडिबाला मनसोक्त दिलं.

एक कान लाल, एक डोळा सुजलेला, असा तो चिंचेखाली आला.

"अरे माझ्या कर्मा!" आत्या म्हणाली. "दोन माणसं एकमेकांच्या अंगावर गेली, तर मधे घुसायचं! ओढून लांब करायचं! 'सोडा, यात काही अर्थ नाही' म्हणायचं. तेवढ्यानं भागलं नाही, तर समोर एसटी थांबते. एकाला इकडच्या गाडीत घालावं, दुसऱ्याला तिकडच्या. पुन्हा तोंडच बघायला नको!"

"असं होय! आता तसंच करतो."

एवढ्यात तात्या आप्पांना घेऊन आला. आप्पा पांढराशुभ्र पटका बांधून आले होते, हातात पेढ्यांचा पुडा. पाठोपाठ परीक्षा घेणारे साहेब शाळेच्या पायरीवर आले आणि मोठ्यानं म्हणाले, "मापाड्याच्या जागेवर निवड, कोंडिबा!"

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. आप्पांच्या हातून पुडा निसटला. "व्याही!" ते ओरडले. "आप्पा!" तात्या ओरडला. आणि दोघांनी धावत जाऊन एकमेकांना घट्ट मिठी मारली.

कोंडिबानं बघितलं. दोन माणसं एकमेकांच्या अंगावर गेली होती.

त्यानं उडी घेतली. "सोडा! यात काही अर्थ नाही!"

"अरे पोरा, आता सोयरीक झाली—" आप्पा म्हणाले आणि त्यांनी तात्याला आणखी घट्ट धरलं. म्हणजे तेवढ्यानं भागत नव्हतं. कोंडिबानं आप्पांना कमरेत धरून उचललं. समोर गाडी निघण्याच्या बेतात होती. त्यानं त्यांना आत ढकललं, दार लावलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. गाडी सुटली. आप्पांचा पटका खिडकीतून बाहेर आला आणि फडफडत लांब गेला.

आत्यानं गाडीवरची पाटी वाचली. नांदेड. विनाथांबा. ती मटकन खाली बसली.

कोंडिबा मात्र समाधानानं परत आला. दिवसभरात पहिल्यांदाच आत्याचं सांगणं त्याला बरोबर जमलं होतं. त्यानं तात्याच्या कमरेला हात घातला.

"चल तात्या," तो म्हणाला. "तुझी गाडी पलीकडच्या बाजूला लागते."