पाणकोबीखालचं घरटं

“ऐकू आलं नाही का रे, इराण्णा?”

“आलं, आप्पा.”

“मग?”

“काढणार नाही.”

मठाच्या ओसरीवर बसलेल्यांच्या हातातले चहाचे कप हातातच राहिले. मठाचे गुरू गुरुपाद आप्पांना कुणी ‘नाही’ म्हटलेलं त्या ओसरीनं ऐकलं नव्हतं. आणि म्हणणारा कोण, तर इराण्णा!

आप्पांनी सांगितलं म्हणून त्यानं मास्तरकी सोडली होती. आप्पांनी सांगितलं म्हणून प्रवचन बंद केलं होतं, तेही गावोगावची माणसं त्याला ऐकायला यायला लागली होती तेव्हा. दोन्ही वेळा ‘का’ एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

आज गोष्ट काचेच्या टाकीची होती.

भिंतीलगतची ती चार फुटी टाकी मठाचे मोठे देणगीदार सिद्रामप्पा मालक यांनी दिलेली, माशांसकट. देखभाल इराण्णाकडे आली. त्यानं एकदा तळ्यातून पाणकोबीची दोन रोपटी आणून पाण्यावर सोडली. आठ दिवसांत ती सडली. फिल्टरचं पाणी पानांवर उडत होतं आणि झाकणाखाली साचलेले थेंब वरून टपकत होते, हे त्याला मागाहून कळलं. त्यानं झोत काचेकडे वळवला, झाकण तिरकं केलं, पुन्हा रोपटी आणली. या खेपेला ती धरली.

दोनाची दहा झाली, दहाची चाळीस. दर सोमवारी तो मूठभर काढून खताच्या खड्ड्यात टाकायचा, नाहीतर पाण्याखालच्या झाडांना उजेड मिळत नसे. येणारे-जाणारे म्हणत, “इराण्णांची बाग!”

त्याला ते आवडायचं. दाखवायचा नाही, पण फार आवडायचं.

आज मालक पाहुणे घेऊन आले होते, सोबत फोटोवाला. मठाला नवं स्वयंपाकघर बांधून देतो, हे त्यांना चारचौघांत जाहीर करायचं होतं. टाकीपाशी येऊन ते म्हणाले, “आप्पा, मी मासे दिले होते. इथं तर नुसता पाला दिसतोय.”

आप्पांनी मान डोलावली होती. “इराण्णा, काढ तो सगळा.”

आणि इराण्णा टाकीकडे पाठ करून उभा राहिला होता.

“का नाही काढणार?” आप्पांनी आता विचारलं.

“कोपऱ्यात गुरामी माशाच्या नरानं घरटं बांधलंय, आप्पा. मुळांच्या आधारानं, फेसाचं. त्यात अंडी आहेत. पाणकोबी उचलली की फेस फुटेल. सगळं जाईल.”

“मासे पुन्हा अंडी घालतात,” मालक म्हणाले.

इराण्णानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आप्पांनी डोळे बारीक केले. “खरं सांग. हे अंड्यांसाठी, की तुझ्या बागेसाठी?”

इराण्णाचा चेहरा तापला. ओसरीवर कुणीतरी खोकलं…

“दोन्हींसाठी असेल,” तो म्हणाला. “पण काढणार नाही.”

आप्पा खांबाला धरून उठले. खांद्यावरची छाटी मागं टाकली, सावकाश चालत आले, इराण्णाला वळसा घातला आणि झाकण सरकवून आपणच पाण्यात हात घातला.

इराण्णानं त्यांचं मनगट धरलं.

कुणीतरी “शिव शिव!” म्हणालं.

मनगट हाडकुळं होतं, थंड होतं. इराण्णानं ते सोडलं नाही. इतक्यात पानांखालून तो नर आला. बोटभर लांबीचा. आप्पांच्या बोटावर त्यानं धडक मारली. मागं सरला. पुन्हा मारली.

आप्पा बघत राहिले…

मग त्यांनी हात बाहेर काढला.

“आप्पा!” मालक पुढं सरसावले. “हा तुमच्या अंगाला हात लावतो? असला माणूस मठात ठेवता?”

“मालकांचं बरोबर आहे,” इराण्णा म्हणाला. “मी जाईन. पण चार दिवस नाही. पिल्लं पोहायला लागेपर्यंत मी इथून हलणार नाही. मग हाकला.”

आप्पा छाटीला हात पुसून आत निघून गेले.

मालक पाहुण्यांना घेऊन गाडीत बसले. स्वयंपाकघराचं नावही निघालं नाही.

चार दिवस इराण्णा टाकीशी बसून होता. जेवणाचं ताट तिथंच आलं. मठातल्यांपैकी कुणी त्याच्याशी बोललं नाही. आप्पा पूजेला जाताना त्याच्यासमोरून जायचे आणि तसेच पुढं जायचे. शिव्या परवडल्या असत्या, असं त्याला वाटायचं. पण ‘चुकलो’ हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. आपण चुकलोय असं त्याला वाटतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फेसाखाली बारीक शेपट्या लोंबायला लागल्या. एखादं पिल्लू खाली घसरलं की नर ते तोंडात धरून वर नेऊन ठेवायचा.

चौथ्या दिवशी सकाळी पिल्लं आडवी पोहू लागली. डोळे ताणून बघावं तेव्हा दिसत, इतकी लहान. इराण्णानं नराला जाळीनं अलगद उचलून दुसऱ्या भांड्यात सोडलं. घरट्याचं काम संपल्यावर बाप पिल्लांना खाऊन टाकतो, हे त्याला ठाऊक होतं. मग कुणी न सांगता त्यानं निम्मी पाणकोबी काढून बादलीत टाकली. पाण्यात ऊन उतरलं.

खोलीत जाऊन त्यानं धोतरजोडी, टॉवेल आणि दोन पुस्तकं पिशवीत भरली.

परत आला तेव्हा आप्पा टाकीसमोर जमिनीवर बसले होते. काचेला नाक लावून बघत होते. किती वेळ बसले होते, कोण जाणे.

इराण्णानं पिशवी खाली ठेवली.

“आप्पा, पिल्लं पोहतायत. आता हाकला.”

आप्पांनी मान वळवली नाही.

“पण एक सांगतो,” इराण्णा म्हणाला. “पुन्हा तशी वेळ आली, तर पुन्हा हात धरीन.”



इराण्णाला राहवलं नाही. त्यानं वाकून त्यांचे पाय घट्ट धरले.

“पाय सोड,” आप्पा म्हणाले. “मनगट धर. मला उठायचंय.”