लीसूआजीचं वळण

कोव्हरसालूच्या हवेलीकडे जाणारा हा रस्ता बघा. दोन्ही बाजूंना लिंडनची झाडं, शिपायांसारखी ताठ. आणि मध्येच, काही कारण नसताना, रस्ता एका काळ्याकुट्ट लाकडी खोपटाला वळसा घालतो आणि पुन्हा शहाण्यासारखा सरळ होतो. शहरातले इंजिनियर येतात, नकाशा उलटासुलटा धरतात आणि म्हणतात, आखणाऱ्याने घेतली असणार. घेतली नव्हती. ऐका.

तेव्हा एस्टोनियातली ही जमीन जर्मन बॅरनची होती, आणि माणसंही म्हणे त्याचीच. बॅरन रेमर्टने नवी हवेली बांधली. पांढरे खांब, अठ्ठावीस खिडक्या. मग त्याला ध्यास लागला, की दारात उभं राहिलं तर थेट चर्चचं टोक दिसलं पाहिजे. रस्त्याची रेघ ठरली. रेघेत आला लीसूआजीचा सौना, म्हणजे गावाचं वाफेचं न्हाणीघर. धुराडं नाही, आत काजळीचा अंधार. दर शनिवारी सगळा गाव तिथे घाम गाळायचा. बाळंतिणींनाही तिथेच आणायचे, कारण एवढी उबदार आणि स्वच्छ जागा गावात दुसरी नव्हती.

"सोमवारी पाडा," बॅरनने फर्मावलं. लीसूआजी तीनदा हवेलीच्या पायऱ्या चढली. तिन्ही वेळा कारभाऱ्याने तिला दारातूनच वाटेला लावलं.

सोमवारच्या आधीचा शनिवार. भर दुपारी हिमवादळ उठलं. दोन लाकूडतोडे घसरगाडीवर एक माणूस घेऊन आले. मिशांना बर्फ, दातखीळ बसलेली, तोंडातून शब्द फुटेना. दर हिवाळ्यात बर्फात सापडणारा गडी गावात एकच, तोनू गिरणीवाला, बाटलीचा परमभक्त. कडक झालेले कपडे ओरबाडून काढले, ते कुणाचे हे बघायला वेळ कुणाला होता! आजीने त्याला बाकावर पालथा घातला आणि बर्चच्या डहाळ्यांची जुडी उचलली; वाफेत तिने झोडपलं की गोठलेलं रक्त पुन्हा खेळायला लागतं.

"मेल्या तोनू, परत ढोसलीस?" सपाक! "बायको रडून रडून अर्धी झाली!" सपाक! "त्या बॅरनपेक्षा तू वाईट, त्याला निदान पैशाचा माज आहे!" सपाक!

बाकावरचा माणूस नुसता कण्हत होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि तोनू गिरणीवाला आत डोकावला. "लीसूआजी, पाणी तापलं का?"

आजीने दाराच्या उजेडात बाकावरचं तोंड वळवून पाहिलं. बॅरन!

तोनू उभ्या आयुष्यात पहिल्यांदा शुद्धीवर आला. हळूच म्हणाला, "आजी, याला बाहेर ठेवू या. घटकाभर. सोमवार उजाडायचाच नाही."

आजीचा हात थांबला. तिला त्या तीन फेऱ्या आठवल्या असतील, नाही कसं म्हणावं? मग ती म्हणाली, "या बाकावर अर्धं गाव जन्मलंय. तूसुद्धा, दुर्दैवाने. इथे माणूस जगायला येतो. दार लाव, वाफ जातेय." आणि बॅरनला म्हणाली, "पालथा हो रे. अजून डावी बाजू राहिली."

असं सांगतात, की डावी बाजू तिने जरा मन लावून केली.

बॅरन घसरगाडीवरून घरी गेला. सोमवारी कारभारी माणसं घेऊन आला. बर्फावर राखेची रेघ ओढत, सरळ सौन्याच्या रोखाने. आजी दारात काठी टेकून उभी. वीस पावलांवर आल्यावर रेघ वाकली, खोपटाला हळूच वळसा घालून पुढे निघून गेली. आजी काठी भिंतीला टेकवून पाणी तापवायला आत गेली.

पुढच्या शनिवारी बॅरन स्वतः आला, टोपी हातात, आणि सगळ्यात खालच्या बाकावर बसला. गावची भाषा त्याला कधी आलीच नाही. एक शब्द मात्र तो म्हणे तेवढ्यासाठी शिकून आला होता. "आइताह." म्हणजे, उपकार झाले.

आता बॅरन गेले, हवेलीत शाळा भरते. रस्ता कुणी सरळ केला नाही. आजही बसचा ड्रायव्हर वळणावर टोपी उचलून "आइताह" म्हणतो. आजही नव्या हेडमास्तराला पहिल्या शनिवारी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपुढे पालथं पडावं लागतं, आणि उठल्यावर तोच शब्द म्हणावा लागतो. त्याशिवाय हवेलीची किल्ली मिळत नाही.

पाहुण्यांनाही हाच नियम. हवेली आतून बघायची म्हणता ना? मग कोट काढा. आताच्या आजी डहाळ्या भिजवून बसल्यात.